नऊ विजय आणि एक नकार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या महोत्सवात विजयांची उजळणी करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. कार्यालयातील काचेच्या कपाटात मांडलेल्या प्रत्येक ढालीमागे कुणाच्या तरी मुलामुलींचा घाम असतो. आजच्या भाषणाचा विषय मात्र थोडा निराळा आहे. ज्या संघाविषयी येथे सांगावयाचे आहे, त्याने एका मोसमातील सर्वच्या सर्व सामने जिंकले. तरीही मोसम संपला तेव्हा त्याला मोठ्या सामन्याचे मानाचे आमंत्रण मिळाले नाही. इतकेच नव्हे, तर पुढचा मोसमही त्याच्या वाट्याला आला नाही. हा संघ अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा, साल १९५१ आणि खेळ अमेरिकन फुटबॉल.

हा खेळ म्हणजे कोलकात्यात, गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. मैदान शंभर यार्ड लांब, चेंडू लंबगोल, आणि तो हातात घेऊन धावावयाचा अथवा फेकावयाचा. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. टोकाची रेषा ओलांडली की सहा गुण. कबड्डीत चढाईला गेलेला गडी एकटा असतो. सात जणांच्या गराड्यातून त्याला स्वतःच्याच बळावर परत यावे लागते. या खेळात चेंडू घेऊन धावणाऱ्याची स्थिती वेगळी असते. त्याच्या संघातील उरलेले दहा जण स्वतःचे अंग मध्ये घालून प्रतिस्पर्ध्यांना अडवितात आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करतात. टाळ्या धावणाऱ्याला मिळतात, मार अडविणाऱ्यांना बसतो. पुढील हकीकत समजून घेताना खेळाचे हे स्वरूप ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट पंथीयांनी १८५५ साली स्थापन केलेली संस्था. अमेरिकेच्या मापाने ती लहानच होती. मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे असलेली विस्तीर्ण क्रीडागारे व पैसा तिच्याकडे नव्हता. संघाचे नाव ‘डॉन्स’. प्रशिक्षक जो कुहारिक हे शिस्तीचे कठोर म्हणून ओळखले जात. संघात बहुतेक जण साध्या घरांतील होते. जिनो मार्चेटी हे इटलीहून आलेल्या स्थलांतरितांचे पुत्र. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील आघाडीवर लढून परतल्यानंतर ते महाविद्यालयात आले होते. बॉब सेंट क्लेअर हे पावणेसात फूट उंचीचे खेळाडू सॅन फ्रान्सिस्कोचेच. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा पीट रोझेल नावाचा तरुण होता; पुढे तो अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोच्च अधिकारी झाला.

आणि संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. ऑली मॅटसन यांचा जन्म टेक्सासमधला, बर्ल टोलर यांचा टेनेसी राज्यातील मेंफिस शहरातला. दोघेही दक्षिणेतून कॅलिफोर्नियात आलेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात ते एकत्र खेळले आणि तेथून या विद्यापीठात आले. मॅटसन चेंडू घेऊन धावत. टोलर बचावाच्या फळीत उभे राहून समोरून येणाऱ्यांना जमीन दाखवीत.

१९५१ चा मोसम या संघाने अक्षरशः गाजविला. ऑक्टोबरमध्ये संघ न्यू यॉर्कला जाऊन फोर्डहॅम विद्यापीठाशी खेळला. पूर्वेकडील वृत्तपत्रांच्या दृष्टीने तो पश्चिम किनाऱ्यावरचा एक अपरिचित संघ होता. त्या सामन्यात मॅटसन यांनी प्रतिपक्षाने लाथेने धाडलेला चेंडू झेलून, जवळजवळ सारे मैदान ओलांडून, थेट दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेण्याचा पराक्रम एकदा नव्हे, दोनदा केला. सामना ३२–२६ असा जिंकला गेला. संपूर्ण मोसमात मॅटसन १,५६६ यार्ड धावले. त्या वर्षी देशातील महाविद्यालयीन खेळाडूंत इतके यार्ड कुणीही धावले नाही. त्यातील प्रत्येक यार्ड मार्चेटी, सेंट क्लेअर आणि इतरांनी अंगावर झेललेल्या धक्क्यांनी मोकळा झाला होता, हेही तितकेच खरे.

नोव्हेंबरात कॉलेज ऑफ द पॅसिफिक या बलाढ्य समजल्या जाणाऱ्या संघाशी गाठ पडली. या सामन्याकडे सर्वांचे लक्ष होते, कारण मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यांचे आमंत्रण त्यावर अवलंबून आहे असे मानले जात होते. डॉन्सनी तो ४७–१४ असा जिंकला. त्यानंतर पासाडेना येथील रोझ बाउल या प्रचंड क्रीडागारात लोयोला संघाचा २०–२ असा पराभव झाला. नऊ सामने, नऊ विजय. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा मोसम संपला की नववर्षाच्या सुमारास काही निमंत्रितांचे सामने होतात. त्यांना ‘बाउल’ म्हणतात. मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल आणि जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल हे त्यांतले मानाचे. कोणाला बोलवावयाचे हे संयोजक ठरवीत. आमंत्रणाबरोबर कीर्ती येई आणि तिकीटविक्रीतील मोठा वाटाही येई. ही तिन्ही शहरे दक्षिणेत आहेत, आणि १९५१ साली दक्षिणेत वंशभेद कायद्याने मान्य होता. शाळा वेगळ्या, बसमधील जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे. शाळांतील हा भेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्यास अद्याप तीन वर्षे होती. खेळाच्या मैदानावर काय घडू शकते हे त्याच ऑक्टोबरात दिसले होते. ड्रेक विद्यापीठाचे कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट यांच्या तोंडावर, चेंडू त्यांच्याकडे नसताना, प्रतिपक्षाच्या खेळाडूने प्रहार केला आणि त्यांचा जबडा मोडला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

डॉन्सना आमंत्रण आले नाही. उघडपणे सांगितले जाणारे कारण असे की, या संघाने ज्यांना हरविले ते प्रतिस्पर्धी पुरेसे तोलामोलाचे नव्हते. परंतु खेळाडूंनी पुढे आयुष्यभर सांगितलेली हकीकत वेगळी आहे. त्यांच्यापर्यंत निरोप असा पोहोचला की, मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून संघ येणार असेल तर आमंत्रणाचा विचार होईल. ही गोष्ट संघापुढे ठेवण्यात आली. तिच्यावर वादविवाद झाला नाही, गट पडले नाहीत. सर्वांचे उत्तर एकच आले: दोघांवाचून संघ जाणार नाही.

तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यांविषयी जे सांगितले गेले, त्याचे वजन किती होते हे जोखण्यासाठी एक घटना पुरेशी आहे. डॉन्सनी ज्यांना ४७–१४ असे नमविले, त्याच कॉलेज ऑफ द पॅसिफिकला १ जानेवारी १९५२ रोजी टेक्सासमधील सन बाउल या सामन्याचे आमंत्रण मिळाले. हरलेला संघ दक्षिणेत खेळावयास गेला. जिंकलेला घरी राहिला. ऑरेंज, शुगर आणि गेटर या तिन्ही सामन्यांत त्या वर्षी दक्षिणेकडील संघच एकमेकांशी खेळले.

येथे थोडे थांबून एक विचार करणे उचित ठरेल. नकार देणाऱ्यांत बहुसंख्य खेळाडू गौरवर्णीय होते. त्यांना कुणी अडविले नव्हते. मोठ्या सामन्यात चमकावे, व्यावसायिक संघांच्या नजरेत भरावे, ही त्यांच्यातील प्रत्येकाची स्वाभाविक इच्छा होती. शिवाय विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात चालला होता. बाउलच्या उत्पन्नाने तो तोटा भरून निघेल आणि संघ टिकेल, अशी आशा वाटत होती. म्हणजे दोघांना वगळण्याच्या बाजूने बोलणाऱ्यास युक्तिवादांची वाण नव्हती. ‘एका सामन्याचाच तर प्रश्न आहे’, ‘संस्था वाचली पाहिजे’, ‘ते दोघेही समजून घेतील’, अशी वाक्ये जगात सर्वत्र बोलली जातात आणि बहुधा सद्हेतूनेच बोलली जातात. अन्याय पुष्कळदा दुष्टाव्याच्या नव्हे, तर सोयीच्या भाषेत बोलतो. त्या तरुणांनी ती भाषा वापरली नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. त्यांच्या दृष्टीने हा त्यागाचा प्रश्न नव्हताच. संघ किती जणांचा, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांना ठाऊक होते.

या नकाराची किंमत खरी होती. मोसम संपल्यावर थोड्याच अवधीत विद्यापीठाने फुटबॉल बंद केला, आणि त्या पातळीवर तो पुन्हा कधी परतला नाही. केवळ बाउलच्या पैशांनी तो निश्चित वाचला असता, असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. त्या सुमारास सेंट मेरीज, लोयोला आणि सांता क्लारा या कॅलिफोर्नियातील इतर कॅथलिक संस्थांनाही हा खेळ परवडेनासा झाला आणि त्यांनीही तो सोडून दिला. व्यावसायिक फुटबॉल पश्चिम किनाऱ्यावर येऊन पोहोचला होता. प्रेक्षक तिकडे वळत होते. पण खेळाडूंना हे सारे गणित नंतर कळले. नकार देताना त्यांच्यासमोर एवढेच होते की, होकार दिला तर काही तरी वाचेल आणि नकार दिला तर कदाचित काहीच वाचणार नाही. सेंट क्लेअर यांचे शिक्षण अद्याप संपले नव्हते. खेळावयास संघच उरला नाही, म्हणून त्यांना पुढील मोसमासाठी दूर ओक्लाहोमा राज्यातील तल्सा विद्यापीठात जावे लागले.

मॅटसन यांची पुढील वाटचाल मराठी मनाला विशेष जवळची वाटेल, कारण ती हेलसिंकीतून जाते. जुलै १९५२ मध्ये तेथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांना तेथे पाठविण्यासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. त्याच हेलसिंकीत, त्याच महिन्यात, मॅटसन यांनी ४०० मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्य आणि चार जणांच्या रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले. ज्या देशातील काही शहरांत त्यांना मैदानावर पाऊल ठेवू दिले गेले नसते, त्याच देशाचा गणवेश त्यांच्या अंगावर होता. एकाच्या पाठीशी घर गहाण टाकणारा गुरू होता, दुसऱ्याच्या पाठीशी मोठा सामना सोडून देणारे सोबती होते. पदके पाहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत.

मॅटसन व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले आणि मोठे झाले. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या संघाने त्यांना घेताना मोबदल्यात नऊ जणांवरील हक्क सोडला. तो व्यवहार करणारा व्यवस्थापक होता विद्यापीठातला त्यांचा जुना सोबती पीट रोझेल. मार्चेटी बाल्टिमोरच्या संघात गेले आणि बचावाच्या फळीतील सार्वकालिक श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना होऊ लागली. १९७२ साली मॅटसन आणि मार्चेटी यांना व्यावसायिक फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात एकाच वर्षी स्थान मिळाले. धावणारा आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा असे दोघेही एकत्र आत गेले. १९९० मध्ये सेंट क्लेअर यांचीही निवड झाली. ज्या संघाला ‘तोलामोलाचे सामने खेळला नाही’ म्हणून बाजूला ठेवले गेले, त्यातून असे तीन मानकरी निघाले.

पण शाळेच्या व्यासपीठावर सर्वाधिक आदराने घ्यावयाचे नाव बर्ल टोलर यांचे आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे झालेल्या निवडक महाविद्यालयीन खेळाडूंच्या सामन्यात त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि व्यावसायिक खेळाडू होण्याचे स्वप्न एका क्षणात संपले. बाउल गेला, संघ गेला आणि आता खेळही गेला. वय चोवीस. अशा प्रसंगी माणसाने जगावर रुष्ट व्हावे, यात नवल नाही. टोलर शिक्षक झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फ्रँकलिन शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे अध्यापन केले आणि पुढे ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्या शहरातील माध्यमिक स्तरावरचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक होत.

शिकविण्याबरोबर त्यांनी खेळाशी नाते तोडले नाही. १९६५ साली ते व्यावसायिक फुटबॉलचे पंच झाले. अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक क्रीडा संघटनेतील ते पहिले कृष्णवर्णीय पंच. सोमवार ते शुक्रवार शाळा आणि सुटीच्या दिवशी मैदान, असा त्यांचा क्रम जवळजवळ पंचवीस मोसम चालला. जानेवारी १९८० मध्ये व्यावसायिक फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, सुपर बाउल, पासाडेनाच्या त्याच रोझ बाउल क्रीडागारात झाला, जेथे डॉन्स आपला अखेरचा सामना खेळले होते. लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्या मैदानावर पंच म्हणून उभ्या असलेल्यांत टोलर होते. ज्यांना मैदानावर येऊ द्यावयाचे नव्हते, त्यांच्या निर्णयावर आता मैदान चालत होते. त्यांच्या शाळेच्या आवाराला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

विद्यापीठाचे काय झाले, हेही सांगावयास हवे. फुटबॉल गेला, परंतु खेळाडूंना वर्ण पाहून न निवडण्याची रीत तेथे राहिली. अवघ्या काही वर्षांत, १९५५ आणि १९५६ साली, याच लहान विद्यापीठाने बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद सलग दोनदा पटकाविले. त्या संघाचे आधारस्तंभ बिल रसेल आणि के. सी. जोन्स हे कृष्णवर्णीय खेळाडू होते. पुढे दोघेही त्या खेळातील दंतकथा झाले. एका मोसमाने संस्थेचा संघ गमावला; तिचे वळण गमावले नाही.

ही सारी कथा दूर देशीची आहे. तरी महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालविणाऱ्यांना तिच्यातील कित्येक गोष्टी ओळखीच्या वाटतील. संस्था लहान, खर्च मोठा, पटसंख्येची चिंता दरवर्षीची. अशा संस्थेपुढे प्रश्न क्वचितच मोठे रूप घेऊन येतात. ते सहलीच्या यादीतून येतात, स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतून येतात, निकालाची टक्केवारी उंच दिसावी म्हणून एखाद्या कच्च्या मुलाला परीक्षेला न बसविण्याच्या सूचनेतून येतात. ‘एकालाच तर वगळायचे आहे’, असे कुणी तरी म्हणते, आणि त्याच्यापाशी कारणेही चांगली असतात. त्या क्षणी शाळेचा पट किती जणांचा आहे, हे ठरत असते.

सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या स्मरणात असे शिक्षक असतील, ज्यांनी त्यांचे नाव यादीतून गळू दिले नाही. कुणाची फी भरली गेली आणि ती कुणी भरली हे कधी कळले नाही. कुणाला शाळा सुटल्यावर थांबवून गणिते पुन्हा समजावली गेली. त्या गोष्टींची नोंद कोणत्याही ढालीवर नाही. पालकांनी आजच्या शाळेकडे गुणपत्रिकेबरोबर याचीही चौकशी करावी, आणि शाळेने त्याचे उत्तर देता येईल असे वागावे, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.

नऊ सामने जिंकणारे संघ पुष्कळ झाले आणि होतील. १९५१ चे डॉन्स स्मरणात राहिले ते दहावा सामना न खेळल्यामुळे. त्यांनी सोडून दिलेल्या सामन्यात कोण जिंकले, हे आज अभ्यासकांनाच आठवते. त्यांनी मागे न सोडलेल्या खेळाडूच्या नावाच्या आवारात मात्र मुले शिकली.